अल्पशा आजाराने

वडिलांची निधनवार्ता लिहायला बेरिट हॉगनला अर्धा तासही लागला नाही, आणि त्यातलाही काही वेळ मायक्रोवेव्हमधल्या नूडल्सवर लक्ष ठेवण्यात गेला. वडील जिवंत होते. धडधाकट होते. त्या आठवड्यात ते मिनेसोटाच्या पार उत्तरेला एका गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते, आणि तिथे फोन लागत नसे.

निधनवार्ता हा गृहपाठ होता. मेडिकलला जायचं तर विज्ञानाच्या विषयांत घाम गाळावाच लागतो, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पण कॉलेज विज्ञानाबाहेरचेही काही विषय गळ्यात मारतं, आणि तिथे गमावलेला ए ग्रेड हा मेडिकलच्या मुलांना घरात चोरी झाल्यासारखा लागतो.

"तर्कशास्त्राच्या वाटेला जाऊ नकोस," वरच्या वर्गातल्या डेस्मंडने तिला सांगितलं होतं. "माझा ए तिथेच गेला. अजून सुतक चालू आहे."

"चित्रकला?"

"तिथे बघावं लागतं. आपल्याला पाठ करायची सवय. तू धर्म विभागाचा 'मृत्यू आणि शोक' घे. मेलेल्यांवर अवघड प्रश्न कोण काढणार?"

प्राध्यापक ऑगस्टा क्विन काढत. या बाईंनी कितीतरी वर्षं मरणाच्या दारातल्या माणसांच्या उशाशी बसून काढली होती, आणि त्या वर्गात पळायचे बूट घालून येत. "आई किंवा वडील, कुणाही एकाची निधनवार्ता लिहा," त्यांनी सांगितलं. "जिवंत असतील तरी. तुमच्या गावच्या पेपरात येते तशीच हवी." बेरिटची आई ती अगदी लहान असताना गेली होती. लिहिण्यासारखं काही आठवत नव्हतं. म्हणून बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंद्रिय रसायनाची परीक्षा होती. तिने प्राध्यापकांना मजकूर पाठवला, आणि पद्धत चुकायला नको म्हणून ब्रेकनला, म्हणजे आपल्या गावी, तिथलं साप्ताहिक चालवणाऱ्या मर्लकडेही धाडला. सोबत एवढंच लिहिलं: "बाबांची निधनवार्ता. मांडणी बरोबर आहे का सांगा. घाईत आहे."

मर्लने तासाभरात उत्तर दिलं. त्यात त्याला फार वाईट वाटल्याचं होतं, आर्विडसारखा माणूस पुन्हा होणार नाही असं होतं, मांडणी बरोबर असल्याचं होतं आणि मजकूर गुरुवारच्या अंकात घेतो असंही होतं. बेरिटने 'बरोबर' हा शब्द शोधला, तो सापडल्यावर फोन पालथा ठेवला आणि पुस्तक उघडलं. उत्तर मिळालं की पुढचं वाचायचं नाही, ही परीक्षांनी तिला लावलेली सवय. आणि दुःखात असलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारायचे नाहीत, ही मर्लला त्याच्या आईने लावलेली.

शुक्रवारी गृहपाठ परत मिळाला. सी प्लस. खाली एकच ओळ होती: यात मेलेला माणूस कुठे आहे?

ती तडक क्विनबाईंच्या खोलीत गेली. "यात चूक काय आहे? मांडणी पेपरवाल्यांकडून तपासून घेतलीय."

"वाचून दाखव बघू."

"'आर्विड हॉगन यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते जिल्ह्याच्या रस्ते खात्यात होते. त्यांना मासेमारीची आवड होती. त्यांच्या पश्चात कन्या बेरिट असून ती मेडिकलची तयारी करत आहे. तिला गेल्या वर्षी रसायनशास्त्राचे पारितोषिक मिळाले असून...'"

"पुरे," क्विनबाई म्हणाल्या. "हा तुझा मेडिकलचा अर्ज झाला. सोमवारपर्यंत पुन्हा लिहून आण."

तेवढ्यात बेरिटचा फोन वाजला. गावच्या चर्चमधल्या मिसेस लिंडाल होत्या.

"बेरिट, तुला आत्ता त्रास द्यायचा नव्हता गं. एवढंच विचारायचं होतं, दफनानंतरच्या जेवणाला हॅम करू की टर्की?"

"कुणाच्या दफनानंतर?"

मिसेस लिंडालांचा आवाज हळवा झाला. "बस बघू कुठेतरी. पाणी पी. तुझ्या बाबांना हॅम आवडायचं, म्हणून विचारलं."

"अजूनही आवडतं," बेरिट म्हणाली.

"हो. आपल्याला तसंच वाटत राहतं."

"मिसेस लिंडाल, बाबा बरे आहेत. ते उत्तरेला गेलेत, मासे धरायला."

"किती छान बोललीस," मिसेस लिंडाल म्हणाल्या आणि त्यांनी नाक पुसल्याचं ऐकू आलं. "मीसुद्धा माझ्या कार्लबद्दल असंच समजते. हॅमच करते मग."

बेरिटने फोन खाली ठेवला. क्विनबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "सोमवारची मुदत मात्र सोमवारचीच राहील."

ती गावी पोचली तेव्हा घराच्या ओसरीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाकावर, पायऱ्यांवर, लाकडांच्या ढिगावर झाकलेल्या थाळ्याच थाळ्या. त्या भागात कुणाचं माणूस गेलं की घरोघरी हॉटडिश भाजतात, खाली खिमा, वर बटाटा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, आणि न बोलता दारात ठेवून जातात. थाळीच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं, म्हणजे थाळी परत कुणाकडे न्यायची ते विचारून कुणी कुणाला अवघडवत नाही. ती थाळ्या हलवून वाट करत होती, तेवढ्यात ओळखीचा ट्रक आवारात शिरला.

आर्विड उतरले. दाढी वाढलेली, हातात माशांची बादली. त्यांनी ओसरीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तू."

"बरं," आर्विड म्हणाले आणि त्यांनी बूट काढले.

स्वयंपाकघरात बसून, एक थाळी गरम करून, त्यांनी पेपर वाचला. सावकाश वाचला. एकदा घास हातात तसाच राहिला. बेरिट समोर उभी राहून सगळं सांगत होती, परीक्षा, मर्ल, क्विनबाई. सांगता सांगता आपण फक्त मार्कांचंच सांगतोय हे तिच्या लक्षात येत होतं, पण थांबता येत नव्हतं.

"अल्पशा आजाराने," आर्विड म्हणाले. "कसला आजार?"

"तसंच लिहितात, बाबा."

"डॉक्टर होणारेस ना? निदान काहीतरी ठरवायचंस."

"बाबा, सॉरी."

"त्यात काय. तुझ्याबद्दल छान लिहिलंयस." त्यांनी पेपर नीट घडी करून ठेवला. "रसायनाचं बक्षीस मिळालं होतं तुला? सांगितलं नाहीस."

तिने सांगितलं नव्हतं. दर रविवारी घरी फोन करायचं ठरलेलं होतं, पण त्या रविवारचा फोनच तिने केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी थाळ्या परत करायला ते दोघं निघाले. थाळी स्वतः नेऊन द्यायची, धुऊन द्यायची आणि रिकामी द्यायची नाही, असा तिथला रिवाज. आर्विडनी प्रत्येकीत दोन-दोन मासे ठेवले, पण एकाही घरात ते आले नाहीत. "मेलेल्या माणसाने लोकांच्या दारात जाऊ नये," ते म्हणाले. "बिचारे घाबरतील. तू जा. मी गाडीत बसतो."

तिने दारोदार जाऊन तेच सांगितलं: बाबा जिवंत आहेत, तो माझा गृहपाठ होता. लोक तिच्या खांद्यावरून ट्रककडे बघत, आर्विड आतून दोन बोटं वर करत, आणि मग एक अडचण निर्माण होई. प्रत्येकाने दफनाच्या वेळी सांगायला म्हणून काहीतरी मनात तयार करून ठेवलेलं असे. ते आता परत आत टाकता येत नसे. तेव्हा ते तिला उंबरठ्यावरच ऐकावं लागे. पहाटे बर्फ ढकलायला निघताना आर्विड शाळेच्या बाईंचं आवार आधी मोकळं करत, ते सरकारी नकाशात नसूनही. चर्चच्या गायकवृंदात ते ओठ हलवत, पण गात नसत, कारण त्यांचा सूर लागत नाही हे पाद्रीबाबांनी एकदा हळूच सांगितलं होतं. तरी एकही रविवार चुकवला नव्हता, कारण पुरुषांची रांग लहान दिसली असती.

शेवटची थाळी मिसेस लिंडालांची.

"म्हणजे जिवंतच आहे," त्या ट्रककडे बघून म्हणाल्या. "आणि मी हॅम आणून ठेवलं." मग म्हणाल्या, "माझी झोपडी त्याने आणली होती, ते तुला ठाऊक असेलच."

"कसली झोपडी?"

"मासे धरायची, बर्फावर उभी करतात ती. माझा नवरा कार्ल गेला त्या वर्षी ती तळ्यावरच राहिली. मार्चात बर्फ कच्चं होतं, त्याआधी काढावीच लागते. तुझ्या बाबांनी आधी माझी ओढून आणली. मग स्वतःची आणायला परत गेले, तोवर ऊन चढलं होतं."

पुढचं बेरिटला माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. आर्विड हॉगनचा ट्रक झोपडीसकट तळ्यात गेला, आणि ते भिजलेल्या कुत्र्यासारखे रांगत काठावर आले. तेव्हा ती शाळेत होती. पोरं महिनाभर तिला बुडबुड्यांचे आवाज काढून दाखवत होती. "असला कसला बाप," असं ती बाबांच्या तोंडावर म्हणाली होती, आणि त्यांनी "चुकलंच," एवढंच उत्तर दिलं होतं.

ती ट्रकमध्ये येऊन बसली. "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"झोपडीचं."

आर्विडनी किल्ली फिरवली. "तिची थाळी नीट धुतली होतीस ना?" त्यांनी विचारलं.

रात्र व्हायच्या आत ती कॉलेजला परतली. सोमवारी तिने नवीन मजकूर दिला. त्यात रसायनशास्त्र नव्हतं, शाळेच्या बाईंचं आवार होतं, न गाणारा गायक होता, दोन झोपड्या होत्या. बी प्लस मिळाला. खाली क्विनबाईंनी लिहिलं होतं: आता तो दिसतो. पण त्याची मुलगी कुठे गेली? चार वर्षांच्या कॉलेजात विज्ञानाबाहेर तिचा तेवढा एकच ए हुकला. मेडिकलच्या मुलाखतीत कुणीतरी त्याबद्दल विचारलंही. "अवघड विषय होता," ती म्हणाली. सगळे हसले, आणि तिला प्रवेश मिळाला.

मर्लने पुढच्या गुरुवारी चौकटीत छापलं: आर्विड हॉगन जिवंत आहेत, गेल्या अंकातला मजकूर हा कन्येचा गृहपाठ होता. त्यानंतर ब्रेकनमध्ये आर्विडना नमस्कार असा कुणी केलाच नाही. पेट्रोलपंपावर, चर्चमध्ये, बर्फात, जो भेटेल तो एकच विचारी, "काय आर्विड, किती मार्क पडले?" आणि आर्विड म्हणत, "नापास. परत बसायचंय."

बेरिट डॉक्टर झाली. शहरात मोठ्या हॉस्पिटलात लागली. रविवारचे फोन ती करायची, म्हणजे बहुतेक रविवारी करायची. शेवटच्या हिवाळ्यात खोकला जात नाही म्हणून तिने त्यांना आपल्याकडे आणून ठेवलं. गावाला त्यांनी मासे धरायला चाललोय असं सांगितलं होतं. फेब्रुवारीत ते तिच्याच हॉस्पिटलात वारले, तेव्हा ती दोन मजले खाली दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांना तपासत होती.

मजकूर लिहायला तिला तीन दिवस लागले. बी प्लसवाला कागद समोर होताच, त्यात फक्त त्याची मुलगी घालायची होती. बुडबुड्यांचं लिहिलं. न केलेल्या फोनांचं लिहिलं. आजाराचं नाव लिहिलं. मर्ल आता निवृत्त झाला होता आणि साप्ताहिक त्याची भाची चालवत होती. तिने मांडणी न बदलता गुरुवारी सगळं छापलं.

शुक्रवारी बेरिट गावी आली. ओसरीवर बर्फाशिवाय काही नव्हतं. फोन वाजला नाही. संध्याकाळपर्यंत तिने दोनदा दार उघडून बघितलं. आताच्या पाद्रीबाबांनाही मजकूर दिसला होता, पण ते गावात नवे होते आणि लोकांनी त्यांना हसून आधीची गोष्ट समजावून सांगितली होती.

शेवटी तिनेच फोन लावला.

"मिसेस लिंडाल, मी बेरिट."

"वाचलं गं," मिसेस लिंडाल म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता, पण त्यात हसू होतं. "सगळ्यांनी वाचलं. कॉलेज संपलं तरी अजून लिहितेस का? या वेळी फार सुरेख लिहिलंयस. किती मार्क पडले?"

हे सांगायचं कसं, ते बेरिटला शिकवलेलं होतं. समोरच्याला बसायला सांगायचं, साधे शब्द वापरायचे, आडवळणाने जायचं नाही. तिने अनेक घरच्यांना ते सांगितलं होतं. आता तिने तोंड उघडलं, आणि वाक्य आलं नाही.

मिसेस लिंडाल वाट बघत होत्या. मग त्यांचं हसू थांबल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने खुर्ची सरकली, आणि कसलं तरी लोखंडी दार उघडलं.

"ओव्हन लावला," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना मी फोन करते. तू बस बघू कुठेतरी. पाणी पी."