टिकलीखालचा लाल दिवा

माणसाकडून काम कसं काढून घ्यायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही! कुणाला कौतुक लागतं, कुणाला चहा लागतो, कुणाला नुसतं 'तुमच्याशिवाय कसं होणार' एवढं म्हटलं तरी भागतं. समोरचा माणूस दारात चप्पल काढेपर्यंत माझा हा हिशेब झालेला असतो. म्हणूनच धाराशिवच्या आमच्या कॉलेजात व्हिडिओच्या प्रॅक्टिकलला ग्रुप पाडले, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "सर, डायरेक्शन माझं!"

बिराजदार सरांनी चष्म्यावरून बघितलं. "दीपमाला, लॅबमध्ये प्रत्येकानं सगळं शिकायचं असतं. कॅमेरा हातात घेतलास का कधी?"

"त्यात काय सर! बटण दाबलं की चालू, परत दाबलं की बंद!"

हे वाक्य मी भर वर्गात मोठ्यानं बोलले होते. तुम्ही विसरलात तरी चालेल, सर विसरले नाहीत.

आता माझी अडचण सांगते. पत्रकारितेच्या एमएला पाठवतानाच पप्पांनी बजावलं होतं, "एक जरी विषय मागं राहिला, तरी आण्णासाहेबाला सांगून स्थळं बघायला लावीन." आण्णासाहेब म्हणजे तामलवाडीचे माझे चुलत काका. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांच्या शब्दावर जमलेली. त्यांनी एकदा मनावर घेतलं, की मुलीनं मेंदीची डिझाइन्स बघायला लागावं! आणि हे प्रॅक्टिकल बुडालं, तर अख्खा विषय बुडणार होता.

फिल्मची गोष्ट मीच लिहिली होती. मुलीला न विचारता तिचा बाप स्थळाला होकार देतो, चार माणसांत सुपारी फोडून लग्न पक्कं करतात, आणि मुलगी ताडकन उठून म्हणते, "मला कुणी विचारलं का?" संपलं. टाळ्या! शूटिंगसाठी अंगण मोठं, उजेड चांगला आणि माणसं फुकट, असं एकच घर माझ्या डोळ्यासमोर होतं. आण्णासाहेब काकांचं! ज्यांच्यापासून वाचायचं, त्यांच्याच अंगणात ट्रायपॉड रोवायचा. याला म्हणतात डोकं!

काकांच्या दोन अटी होत्या. "मुलीचा बाप मीच हुणार. आन मी कसा दिसतुया, ते मला दिसलं पायजे."

दोन्ही मंजूर. कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन मी उलटा फिरवून काकांकडं करून दिला. काका त्यात बघून मिशीला ताव देत बसले. आमचा कॅमेरामन प्रेमानंद कुरकुरला, "दीपे, मला काय दिसणार मग?"

"तुला काय, फ्रेम लागलेली आहे. हलवू नको म्हणजे झालं."

दुसरी भानगड कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याची. तो लागला, की अंगणातला प्रत्येक माणूस त्याच्याकडंच टक लावून बघायचा, चुलीतला विस्तव बघावा तसा. मी कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. दिवा गायब!

"अगं, चालू आहे का बंद, ते कसं कळणार आता?"

"बटण तूच दाबतोस ना? मग कळायचं काय त्यात!"

प्रेमानंदनं 'बघू तरी' म्हणून बटण दाबून पाहिलं. तेवढ्यात विठाबाई काकू चहा घेऊन आल्या, आणि तामलवाडीत चहा आला की दुसरं काहीही चालू राहत नाही. कपबशा परत गेल्यावर मी काकांच्या उपरण्यात माइक अडकवला आणि ओरडले, "रोलिंग! ॲक्शन!" प्रेमानंदनं बटण दाबलं.

मुलाचा बाप झाले होते शेजारचे बलभीम तात्या. त्यांनी पाठ केलेलं वाक्य टाकलं, "मंग आण्णा, पसंत हाय ना आमचा पोरगा?"

काकांनी म्हणायचं होतं, 'पसंत आहे, फोडा सुपारी.' काकांनी नवरदेवाकडं बघितलं. नवरदेव म्हणजे आमचा अमरसिंह, फेट्यात घामाघूम.

"पोरगा करतो काय?"

हे कुठंच लिहिलेलं नव्हतं! अमरसिंह गडबडला. "एमए करतो."

"ते कळलं. करतो काय?"

"एमएच करतो, काका."

"मग न्हाय जमायचं," म्हणून काका उठलेच.

"कट! काका, तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं!"

"आगं पण पोरगा रिकामा हाय!"

"पिक्चरमध्ये आहे काका!"

"पिक्चर खोटा आसंल. ही बघाय आल्याली माणसं तर खरी हायेत?" त्यांनी हात फिरवला. कुंपणापाशी अर्धी गल्ली गोळा झाली होती. "उद्या म्हणतील, आण्णासाहेबानं चार माणसांत शबुद दिला आन पोरगी कुठंबी ढकलली. माझ्या शब्दावर लोक लेकी देत्यात, पोरी!"

आता मला माझी विद्या काढावी लागली. काकांच्या खांद्याशी वाकून मी कुजबुजले, "काका, पोराला झेडपीत नोकरी लागलीय. ऑर्डर यायचीय फक्त."

काकांचा चेहरा लगेच निवळला. पुन्हा "रोलिंग! ॲक्शन!" तात्यांनी वाक्य टाकलं. काका हसले, पुढं झुकले आणि म्हणाले, "ऑर्डर दाखीव."

कट!

एवढ्यात अमरसिंहाचा फोन वाजला. तो अणदूरचा, आणि कुंपणावरच्या एका बाईचं माहेरही अणदूरच. पलीकडून त्याची आई इतक्या जोरात बोलत होती की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"आरं, तुला तामलवाडीत नकार मिळाला म्हणं! कुणाला इचारून गेलतास पोरगी बघाया?"

"आई, पिक्चर आहे गं!"

"दोनदा नकार मिळाला म्हणत्यात!"

अमरसिंह फेटा काढून लिंबाखाली जाऊन बसला. मी गेले. "अमऱ्या, फिल्मवर डायरेक्टर म्हणून तुझंच नाव टाकते. पण काकांच्या पुढ्यात येऊन बस." फेटा परत डोक्यावर चढला. तोवर तात्या रुसले, त्यांना एकच वाक्य होतं. "तात्या, खरे हिरो तुम्हीच! पिक्चर तुमच्याभोवतीच फिरतो." नवरी झालेली निकिता काकूंच्या जरीच्या साडीत उकडून निघाली होती. "निकी, पिक्चर तुझ्याभोवतीच फिरतो गं, शेवटी अख्ख्या पडद्यावर तू!" काकूंनी मधेच येऊन निकिताची खरोखरची ओटी भरली. "नवरीच्या कपड्यात हाय, रिकामी कशी ठिवायची?" काका तेव्हा हात धुवायला गेलेले, त्यांचं उपरणं खुर्चीवर. त्या खुर्चीला टेकून मी काकूंना म्हटलं, "काकू, पिक्चर फिरतो तो तुमच्याभोवतीच. काकांचं काय, त्यांना कुठंही कापता येतं!"

कुणाला काय द्यायचं कबूल केलं, ते सगळं माझ्या डोक्यात व्यवस्थित होतं. गोंधळ कुठंच नव्हता!

काका परत आले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि निकितासमोर उकिडवे बसले. आवाज बारीक करून म्हणाले, "पोरी, खरं सांग. तुला हा पोरगा पसंत हाय का?"

निकिता हसायलाच लागली. "नाही हो काका! वर्गात माझ्या वह्या नेतो आणि परत देत नाही."

"मग?" काका माझ्याकडं वळले. "पोरगीच न्हाय म्हणती, आन मी कसा व्हय म्हणू? तूच सांग."

मी कपाळावर हात मारला. अहो, न विचारणारा बाप दाखवायचा होता! तो जर विचारायला लागला, तर मुलीनं बंड कुणाविरुद्ध करायचं?

ऊन उतरायला लागलं. मला रडूच आलं, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी मी कसलाही हिशेब न करता बोलले. "काका, हे झालं नाही ना, तर मी नापास. आणि नापास झाले, तर पप्पा तुमच्याकडंच येणार आहेत, माझी सुपारी फोडायला सांगायला. मला आत्ताच नाही करायचं लग्न."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"आसं आधी सांगायचं की गं."

"रोलिंग! ॲक्शन!" प्रेमानंदनं बटण दाबलं. तात्यांनी विचारलं. काकांनी निकिताकडं एकदा बघितलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, "पसंत हाय. फोडा सुपारी!" सुपारी फुटली. कुंपणावर कुणीतरी हुंदका दिला. निकिता उठली आणि असं बोलली, की काकूंनी पदर डोळ्याला लावला. कट! टाळ्या! अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती. मी परतताना एसटीत प्रेमानंदला म्हणालेसुद्धा, "माणसाकडून काम असं काढून घ्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कार्ड उघडलं.

काकू चहा देतात. सगळे भुरके मारत चहा पितात. मग माझा आवाज, "रोलिंग! ॲक्शन!" आणि पडदा काळा. पुन्हा उघडतो तो थेट "कट!" नंतर. पुन्हा "ॲक्शन!" पुन्हा काळं. सुपारीचा सीन? नाही. निकिताचं भाषण? नाही. मी काकांच्या कानात खोटं बोलतेय, ते मात्र एकदम स्पष्ट!

"चहाच्या वेळी चालू केला, तो बंदच केला नाही मी," प्रेमानंद भिंतीला म्हणाला. "तिथून पुढं सगळं उलटं झालं."

मी काकांना फोन लावला. "काका, स्क्रीन तुमच्याकडं होता ना? त्यात लाल ठिपका दिसत नव्हता?"

"दिसत व्हता की! तू ॲक्शन म्हणलीस की जायाचा. आमाला वाटलं सिग्नलवानी आसंल. लाल गेला की सुरू!"

"काका, मग परत एकदा..."

"फोडल्याली सुपारी परत फोडायची? न्हाय. माझ्या अंगणात तसलं हुत न्हाय."

आणि कॅमेरा तर पुढच्या ग्रुपकडं गेलेला. मग ठरलेली मिनिटं भरायला होतं तेवढं सगळंच जोडून दिलं. काय करणार!

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या मागं इस्त्रीचं उपरणं घेतलेले आण्णासाहेब काका, जरीच्या साडीत काकू आणि नवी टोपी घातलेले तात्या! "आमचा पिक्चर हाय," म्हणून जीप करून आले होते. मी दाराजवळची जागा धरली.

पडद्यावर मी तात्यांना सांगितलं, पिक्चर तुमच्याभोवती फिरतो. तात्या खूश. लगेच निकिताला सांगितलं. तात्यांनी मान वळवली. मग काकूंना. "काकांचं काय, त्यांना कुठंही कापता येतं!" माइक खुर्चीवरच्या उपरण्यात होता, त्यामुळं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. काकांनी मान वळवली नाही. त्यानं तर मला जास्तच घाम फुटला.

मग काका निकितासमोर उकिडवे बसले. "पोरी, खरं सांग. तुला पसंत हाय का?" शेवटी माझं रडं, काकांचं "आसं आधी सांगायचं की गं", आणि काळं.

परीक्षक बाई वळल्या. "मुलीला विचारणारा बाप! फार छान दाखवलंत. आणि सगळ्यांना एकच आश्वासन देत फिरणारी ती मुलगी कोण? ॲक्टिंग किती नॅचरल!"

सर म्हणाले, "आवाजही स्वच्छ आहे. बटण तेवढं, दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. काय दीपमाला?"

पास! ती टिकली सरांनी कॅमेऱ्यावरून अजून काढू दिलेली नाही, नव्या बॅचला दाखवायला ठेवलीय. पण पास!

बाहेर व्हरांड्यात काका पप्पांना फोन करत होते. मी खांबाआड थांबले.

"पोरगी पास झाली. आन हे बघ, हिच्या लग्नाची घाई करू नगं. शिकू दे आजून... न्हाय, गुणाची हाय. पर मी तिचं स्थळ काढणार न्हाय. तू उगं मला भरीला घालू नगं. आरं, मला लोकांत शबुद द्यावा लागतो! पोरगी सरळ हाय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? पिक्चर बघितलाय मी तिचा!"

म्हणजे बघा, विषय सुटला, स्थळं टळली, सगळं माझ्या मनासारखं झालं. फक्त परवा जेवताना मी म्हटलं, "आई, तुझ्या हातच्या भाजीची चव कुठंच नाही!" तर आईनं वाढता हात थांबवला आणि पप्पांकडं बघून विचारलं, "हिचं काय काम अडलंय?"

भाजी खरंच चांगली झाली होती हो!