उदेलालच्या विम्यातली बायको

"आपल्यापाशी दोन-दोन कार्डं आहेत! आजारपणाची काय बिशाद!" असं उदेलाल पटले कुडव्याच्या चौकात भेटेल त्याला सांगायचा. एक कार्ड राइस मिलच्या विम्याचं, दुसरं सरकारी योजनेचं. मिलमध्ये तो हेड फिटर, आणि निवृत्तीला उरला होता एकच महिना.

त्यातच बायकोच्या, सुखवंताच्या, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. उदेलाल डगमगला नाही. "नोकरी आहे तोवर मिलचा विमा वापरून घेऊ. कमी पडलं त सरकार आहेच!"

दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. एकदा पाहिली, पुन्हा पाहिली.

"काका, सरकारी कार्डावर पत्नी सुखवंता. मिलच्या कार्डावर पत्नी देवका. इनमें असली कौन?"

बाकावर पोट धरून बसलेली सुखवंता दुखणं विसरून ताडकन उठली. "कोण देवका?"

उदेलालनं दोन्ही कार्डं घाईघाईनं खिशात कोंबली!

गोष्ट एकोणऐंशी सालची. नोकरी लागली तेव्हाच कामठ्याच्या देवकाशी त्याची सोयरीक ठरत आली होती. फॉर्म भरताना जुने मॅनेजर म्हणाले, "ठरलंच आहे ना? लिहून टाक. मागून कोण कागद काढते?" चोवीस वर्षांच्या उदेलालनं लाजत लाजत नाव लिहिलं. पंधरा दिवसांत सोयरीक मोडली. पुढं सुखवंता आली, लेकरं झाली, नातवंडं झाली, आणि कागद मात्र खरंच कोणी काढला नाही!

दोघं मिलच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनानं, हेमेंद्रबाबूनं, तो पिवळा पडलेला फॉर्म शोधून काढला. उदेलाल बघतच राहिला. निळी शाई, ठसठशीत अक्षरं. ते मॅनेजर गेले, मिलचा जुना भोंगाही गेला. त्याला एकदम भरून आलं. "किती सुंदर अक्षर होतं माझं!"

"माझं नाव लिहिलं का कधी असं?" सुखवंतानं विचारलं. उदेलालचं भरून आलेलं जागीच ओसरलं.

हेमेंद्रनं विमावाल्यांना फोन लावला आणि ठेवून म्हणाला, "काका, घटस्फोटाचा कागद पाहिजे. नाहीतर देवकाबाईंनी लिहून द्यावं की मी यांची बायको नाही."

"अरे, ते माझी बायको कधी नव्हतीच!"

"तेच तर त्यांनी लिहून द्यायचं!"

झालं! दोघं स्कूटरवर कामठ्याला निघाले. याच रस्त्यानं तो कधीकाळी मित्राचा टेरिलीनचा शर्ट घालून सायकलनं गेला होता. आज मागं बायको बसली होती!

देवकाबाई अंगणात धान वाळवत होत्या. चांगल्या भरल्या अंगाच्या, केस पांढरे. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की कोंबड्या पळाल्या.

"चौतीस वर्सं माझा विमा भरून राहिले तुमी? आन् मी सरकारी दवाखान्यात रांगेत उभी!"

मग सुखवंताला जवळ बसवून म्हणाल्या, "बाई, मीच नाही म्हणली होती. पाहाले आले, त दारातच सायकलची चैन उतरली. यानं अख्खी सायकल खोलली! आन् मी भरतकामाचा मोर काढला होता, त्याच उशीच्या अभ्र्याले यानं काळे हात पुसले."

"अजून पुसते बाई! माझ्या पदराले!" सुखवंता म्हणाली.

उदेलाल आजवर समजत होता, पत्रिका जुळली नाही.

कागदावर सही झाली. निवृत्तीच्या आठ दिवस आधी मिलच्या विम्यावर ऑपरेशन झालं, आणि सरकारी कार्ड खिशातच राहिलं. तिसऱ्या दिवशी देवकाबाई डबा घेऊन दवाखान्यात आल्या. दारावरच्या नर्सनं वही पुढं केली. "पेशंटशी नातं?"

"सवत होती," देवकाबाई म्हणाल्या. "मागच्या सोमवारी नाव कटलं."

आतून सुखवंता टाके सांभाळत हसली. नर्सनं उदेलालकडं पाहिलं. तो खाली वाकून पलंगाचं चाक तपासू लागला.