बसायचं गवत

आमच्या कामरगावात कुणाच्या घरी माणूस गेलं की लोक भेटायला जातात, ओट्यावर बसतात, चार शब्द बोलतात आणि उठतात. नथ्थूकाका उठायच्या आधी त्या घरचं अंगण निंदून देतात. कुणी त्यांना सांगत नाही, कुणी हातात खुरपं देत नाही. पण भिंतीच्या कडेला गवताची एक काडी दिसली की काकांचं लक्ष गेलेल्या माणसावरून उडतं. आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले तेव्हा काका दहाव्यापर्यंत रोज जात होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी मागचं परससुद्धा लख्ख केलं. त्या घरचे लोक अजून म्हणतात, बाकीचे नुसते येऊन गेले, नथ्थूजीनं काम केलं.

नथ्थूकाका माझे शेजारी. गावाला लागून त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. माझं बसथांब्याजवळ बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. म्हणजे गवताच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच पक्षाचे. पण मी विकतो त्या तणनाशकाबद्दल काकांना काडीचा आदर नाही. औषधानं वरची पानं जळतात, मूळ आत हसत राहतं, असं त्यांचं मत. काम कसं व्हायला पाहिजे, तर मुळासकट. वऱ्हाडी बोलीत ते "मुयासगट" म्हणतात आणि हा शब्द ते कुठेही वापरतात. दाढ दुखली तर मुयासगट काढावी. पुतण्याशी भांडण झालं तर मुयासगट मिटवावं. एकदा माझ्या दुकानातला पंखा कुरकुरत होता, तर त्यावरही त्यांनी हाच उपाय सांगितला.

गेल्या वर्षी माझ्या आईनं गणपतीसाठी फुटक्या बादलीत दुर्वा लावल्या होत्या. दुर्वा म्हणजे शेवटी हरळीच, आणि हरळी ही काकांची जन्माची वैरीण. गणपती बसायच्या आदल्या दिवशी ते मेथीची जुडी द्यायला आले, बादली पाहिली, आणि आई चहा करून बाहेर येईपर्यंत सगळ्या दुर्वा उपटून, माती झटकून, मुळ्या उन्हात वाळत घातल्या. वर आईला सांगितलं की आता पुन्हा उगवणार नाही, निर्धास्त राहा. आईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. मेथी तेवढी ठेवून घेतली.

असा हा माणूस यंदा आषाढी एकादशी झाल्यावर माझ्या दुकानात आला. आत तिघे-चौघे गिऱ्हाईक होते. काका कोपऱ्यात उभे राहून खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचत राहिले. काकांना वाचता येतं, पण इतका वेळ नाही. सगळे गेले तसे ते गल्ल्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "गजू, गवताचं बी हाय का?"

मी ऐकलं ते गवताचं औषध. बाटली काढून पुढं ठेवली. त्यांनी ती मागं सारली. मग मला वाटलं चाऱ्याचं गवत असेल. म्हशीसाठी पाहिजे का म्हणून विचारलं.

"खायाले नाई," काका म्हणाले. "बसाले."

मी आठ दिवसांनी अकोल्याहून पाकीट मागवून दिलं. पाकिटावर लाल कौलांचं घर, पांढरं कुंपण, समोर हिरवंगार मैदान आणि त्यावर एक तपकिरी कुत्रं असं चित्र होतं. काकांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि कुत्रंही लागतंच का, अशी चौकशी केली.

घराच्या पुढ्यात त्यांचा सांबाराचा वाफा होता. चांगला उभा सांबार काढून काकांनी ती जागा खणली, ढेकळं फोडली, सपाट केली. माझ्या तोंडून कुठंतरी "लॉन" हा शब्द निघाला आणि घोटाळा झाला. आमच्या भागात लॉन म्हणजे मंगल कार्यालय. नथ्थूजी लॉन टाकून राहिले, ही बातमी चार दिवसांत शेजारच्या धनज गावापर्यंत पोचली. तिथले एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची तारीख अडकवायला आले. काकांनी त्यांना दोन खाटांएवढी ती जागा दाखवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की इथं चार जणं बसतील, जेवायचं असलं तर तीन. गृहस्थांनी चहा घेतला आणि जाता जाता गाड्या कुठं लावायच्या ते विचारून घेतलं.

बी पेरलं, पण पावसानं दडी मारली होती आणि काकांनी पाणी दिलं ते कांद्याच्या वाफ्याला देतात तसं, पाट सोडून. सगळं बी वाहत नळाजवळच्या कोपऱ्यात गेलं. दहाव्या दिवशी तो कोपरा दाढीच्या ब्रशासारखा दाट उगवला आणि बाकी जागेत इथं एक काडी, तिथं एक काडी. त्यातच जुनं गवतही डोकं काढू लागलं. मी दुकानात निघालो होतो, तर काका खुरपं हातात घेऊन उकिडवे बसलेले. खुरपं अर्धं उचललेलं आणि चेहऱ्यावर मोठा पेच. मला हाक मारून म्हणाले, "गजू, याच्यात गवत कोनतं अन गवत कोनतं?"

आयुष्यभर सरसकट वैर केलेल्या माणसावर निवड करायची वेळ आली होती.

मग आम्ही दुरुस्तीला लागलो. मी अकोल्याच्या दुकानदाराला फोन करून एकेक गोष्ट विचारायचो आणि काका ती करायचे. जिथं उगवलं नव्हतं तिथली माती दाताळ्यानं वरवर मोकळी केली. शेणखत चाळून त्यात बारीक वाळू आणि नवं बी मिसळलं. खत चाळायला काकांनी घरातली पिठाची चाळणी घेतली. सुभद्राकाकू, म्हणजे त्यांची बायको, दारातून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी चाळणी आली. ते मिश्रण पसरलं, फळीनं दाबलं, वर ओलं पोतं अंथरलं. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून काका दिवसातून तीनदा झारी धरायचे. पोतं उचलून पाहू नका, असं मी बजावलं होतं. ते दिवसातून तीनदा तेही उचलून पाहायचे.

पोतं काढल्यावर चिमण्या यायला लागल्या म्हणून त्यांनी स्वतःचा सदरा आणि धोतर चढवून एक बुजगावणं उभं केलं. डोक्याला स्वतःची टोपी. तेवढ्यात गणपती आले. वर्ष झालं, आता सणाच्या दिवशी अबोला नको, असं ठरवून माझी आई कुंपणाजवळ गेली आणि मोठ्या मनानं म्हणाली, काय नथ्थूजी, जेवण झालं का. नथ्थूजी काही बोलले नाहीत. आईनं पुन्हा विचारलं. मग ती तशीच घरात आली आणि त्या माणसाला किती गर्व आहे ते मला संध्याकाळपर्यंत ऐकवत राहिली. तो सदरा-धोतराचा पुतळा होता हे मी पटवून दिलं, तेव्हा तिचा राग आणखी वाढला.

दसऱ्यापर्यंत मात्र गवत सुरेख धरलं. सगळीकडे सारखं, बोटभर उंच, मऊ. फक्त तीन जागी गोल टक्कल राहिलं होतं. एक ओट्याच्या पायरीजवळ, एक फाटकाच्या दगडाजवळ, एक नळाच्या धोंड्याजवळ. काकांनी तिथं पुन्हा पेरलं. उगवलं, आणि आठ दिवसांत गेलं. तिसऱ्यांदा पेरलं, तेही गेलं. दिवाळीच्या गर्दीत ते माझ्या दुकानात तीन कागदी पुड्या घेऊन आले. प्रत्येकीत एकेका टकलाची माती. हुमणीची अळी लागली असेल, बुरशी असेल, नाहीतर कुणाची नजर असेल, असे त्यांचे तीन अंदाज होते आणि तिन्हींवर त्यांना औषध पाहिजे होतं. ज्या औषधाला जन्मभर नावं ठेवली ते मागायला आले, म्हणजे माणूस खचला होता हे माझ्या लक्षात आलं. मी माती चाळून पाहिली. अळी नाही, काही नाही. म्हणालो, काका, मी घरी येऊन पाहतो.

भाऊबीज झाल्यावर एका दुपारी गेलो. आम्ही पायरीवर बसलो. काका पुतण्याबद्दल सांगू लागले. बांधावरून वाद चालला होता, तो मुयासगट कसा मिटवायचा याची ते योजना मांडत होते. मी ऐकत होतो आणि टकलाकडे बघत होतो. तेव्हा दिसलं. काकांचा उजवा हात पायरीवरून खाली गेला. दोन बोटांनी एक काडी धरली, जराशी हलवली, अलगद मुळासकट काढली, माती झटकली, बाजूला ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. डोळे माझ्याकडे, तोंडात पुतण्या, आणि पायरीजवळ काड्यांची नीट रचलेली जुडी तयार होत होती. मी मान वळवून पाहिलं. ते फाटकाजवळच्या दगडावर बसून रोज वाटेनं जाणाऱ्यांशी बोलतात. नळाजवळच्या धोंड्यावर दात घासतात. तिन्ही टकलं बरोबर त्यांच्या हाताच्या अंतरावर होती.

मी म्हणालो, "काका, हाताकडे पाहा."

त्यांनी पाहिलं. हात थांबला. बोटांत एक काडी होती. दुसऱ्याचा हात आपल्या अंगणात चोरी करताना सापडावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून हसलो नाही.

"पन्नास वर्साची नौकरी हाय याची," ते शेवटी म्हणाले. "बदली झाली म्हनून याले कोन सांगन?"

मग मी विचारलं की एवढा खटाटोप मुळात कशासाठी. काकांनी आधी दाराकडे पाहिलं. काकू आत होत्या. तेव्हा त्यांनी सांगितलं.

काकूंचे गुडघे गेलेत. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी काकांच्या मळ्यात निंदण केलं, आणि लग्नाआधी माहेरी दुसऱ्यांच्या वावरात. पावसाळाभर वाकून नाहीतर उकिडवं. गेल्या हिवाळ्यात काका त्यांना दाखवायला अकोल्याला एका दवाखान्यात घेऊन गेले होते. काका चिठ्ठीच्या रांगेत उभे राहिले. दीड-दोन तासांनी बाहेर आले तर काकू बाकावर नव्हत्या. दवाखान्यापुढं गवताची हिरवळ होती, तिच्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. काका म्हणाले, चाल, नंबर आला. काकू उठेनात.

"मले म्हने, थांबा जरासं," काका सांगत होते. "जन्मात पयल्यांदा गवतात बसली, अन निंदाचं नाई."

 मग म्हणाले की रांगेत नंबर गेला, पुन्हा उभं राहावं लागलं, पण त्या दिवशी त्यांनी तिला उठवलं नाही.

हाताचा बंदोबस्त काकूंनीच केला. काकांनी आधी तो खिशात ठेवून पाहिला, मग मांडीखाली दाबून पाहिला. मांडीखाली तो बधिर व्हायचा आणि काकांना बोलणं सुचायचं नाही. मग तुरीच्या शेंगा भरल्या. काका पायरीवर टेकले की काकू हिरव्या शेंगांचं टोपलं त्यांच्या उजव्या बाजूला आणून ठेवायच्या. हाताला काम मिळालं. काका बोलत राहायचे आणि हात सोलत राहायचा. टकलं हळूहळू भरली. त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी आणि आमच्या घरी रोज सोल्यांची, म्हणजे त्या सोललेल्या हिरव्या दाण्यांची भाजी झाली. आईनं पहिलं टोपलं आलं त्याच दिवशी अबोला सोडला.

पण काकू काही त्या गवतावर पाय ठेवेनात. दारातून पाहायच्या, चांगलं झालं म्हणायच्या आणि कडेनं जायच्या. इतक्या मेहनतीनं केलंय, तुडवलं जाईल, असं त्या माझ्या आईला म्हणाल्या. काकांनी त्यांना एकदाही बस म्हटलं नाही. मी म्हणालो, सांगा ना तुम्ही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

पौषातली गोष्ट. ऊन मऊ होतं. मी दुकान बंद करून जेवायला घरी येत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी काका दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे. समोर भाजी भरायला जाणारा छोटा टेम्पो, आणि त्याचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून हॉर्न वाजवायच्या बेतात. काकांनी जाऊन त्याचा हातच धरला. मी पुढं होऊन काकांच्या कुंपणातून आत पाहिलं. काकू गवतावर होत्या. बसता बसता कधीतरी आडव्या झाल्या असाव्यात. चपला कडेला काढलेल्या, पाय उघडे, तोंडावर पदर, आणि एका लयीत श्वास चालला होता. टोपलं उलटलं होतं आणि शेंगा गवतात पसरल्या होत्या.

"बुढी झोपली," काका कुजबुजत म्हणाले. "बंद कर ते."

ड्रायव्हरनं कुरकुर केली, पण इंजिन बंद केलं. मग काका, मी आणि तो ड्रायव्हर, तिघांनी मिळून तो टेम्पो ढकलत काकांच्या घरावरून पुढच्या वळणापर्यंत नेला. काकांचं वय सत्तरीचं, तरी सगळ्यात जास्त जोर त्यांचाच होता. वळणावर ड्रायव्हरनं घाम पुसला, पुन्हा चालू करायची परवानगी मागितली आणि मिळाल्यावर निघून गेला.

काका परत फाटकाशी येऊन उभे राहिले. मी विचारलं, तुमचं जेवण झालं का. नाही म्हणाले, ती उठली की होईल. मग मी निघालो तर त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"तू जाय घरी," ते म्हणाले. "पन त्या चपला हातात घे. लय वाजतेत."

माझं घर तिथून पन्नास पावलांवर. मी वाकून चपला काढल्या आणि भर दुपारी, दुकानदार माणूस, त्या हातात धरून अनवाणी घरी गेलो.