लोणच्याच्या बरणीवरचा बत्तीसचा पाना

गाडी झुकलीया हे म्हाळसाबाईला चार दिवसांपासनं दिसत व्हतं. मागली डावी बाजू अशी बसलेली की अंगणात ट्रक न्हाय, पाय मुरगळलेली म्हैस उभी हाय असं वाटायचं. पण रेवणप्पांना सांगावं कुणी? सांगितलं तर म्हणले, "गाडी सरळ हाय. अंगण वाकडं हाय."

"अंगण आपल्या लग्नापासनं तेच हाय की वो."

"मग तवापासनंच वाकडं आसंल."

(बाहत्तर वर्सांचा माणूस. आयुष्यात चूक कबूल केली आसंल तर ती दुसऱ्याची.)

शेवटी पोरगा नागप्पा, शाळंत मास्तर, बॅटरी घिऊन गाडीखाली वाकला. चाकावर कमान असती, लोखंडी पाट्यांचा जुडगा, मोठा पाटा वर आन् खाली ल्हान ल्हान, उलटी उतरंडच म्हणा. त्यातला एक पाटा मधोमध तुटलेला. त्यो हात झटकत उठला आन् म्हणला, "अप्पा, आता बास. दसऱ्याला ही गाडी झेंडू घिऊन तुळजापूरला गेली तर माझं काय म्हणणं न्हाय. न्हाय गेली तर त्याच दिशी इकायची. गिऱ्हाईक दुपारी यायलंय."

"गाडी इकायच्या आधी मला इक," रेवणप्पा म्हणले.

"तुमाला गिऱ्हाईक कुठं मिळंल?" म्हाळसाबाई चुलीपासनं म्हणली.

बोलली खरी, पण मग तिच्या ध्यानात आलं. गाडी गेली तर हा माणूस दिवसभर घरात! मागं कंबर धरली तवा आठ दिवस घरी व्हते. तेवढ्यात त्येंनी तिचे डबे उंचीपरमाणं लावले, फोडणीत मोहरी कवा टाकायची ते शिकवलं, आन् शेळीला बी वळण लावायला गेले. त्या आठ दिवसांत म्हाळसाबाई देवीला तीन नवस बोलली व्हती. तवा गाडी राहायलाच पायजे.

सोपा रस्ता म्हंजी गाडी आयुब मिस्त्रीकडं न्यायची. पाव कोसावर गॅरेज, हाताला गुण असलेला माणूस. पण आठ वर्सं झाली, रेवणप्पा त्येच्या दारात गेले न्हाईत. का, तर "त्यानं माझा बत्तीसचा पाना चोरला."

हितं एक गोष्ट सांगावी लागंल. पाना आयुबनं चोरला नव्हता. पाना म्हाळसाबाईनं चोरला व्हता.

त्याचं असं झालतं. आठ वर्सांमागं रेवणप्पा फुलं टाकायला तुळजापूरला गेले, बायकोला दर्शनाला बरोबर नेलं, आन् माघारी येताना फुलांची रिकामी खोकी मोजून घेतली पण बायको मोजायची राहिली. म्हाळसाबाई यष्टीनं, उभ्यानं घरी आली. त्या रागात तिनं त्येंचा जीव की प्राण असलेला बत्तीसचा पाना उचलला आन् लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठिवला. दोन दिवस शोधू द्यावं, मग हसत द्यावा, एवढाच बेत. पण रेवणप्पा दुसऱ्याच दिशी आयुबशी भांडून आले, मग पाना कुठल्या तोंडानं काढायचा? (बरं, वजन बी झ्याक बसलं व्हतं.) पुढं हात सरावला. गूळ फोडायला हातोडा आला, शेळीचा खुंटा म्हणून जुना व्हील पाना गेला. समदा आळ आयुबवर.

तर अष्टमीला रेवणप्पांनी बाह्या सारल्या. "म्या सोता खोलणार. कमान बी, चाकाचा हब बी. बघतो कोण इकतंय गाडी!"

जॅक लावला, दोन धोंडे लावले, चाकं काढली. हबातली बेरिंगं रॉकेलच्या परातीत पडली, पाटे अंगणात वळीनं मांडले. आन् ऐन मोक्याला भुसभुशीत मातीत जॅक बोटभर सरकला. गाडी कण्हली. रेवणप्पा सुळकन बाहीर आले, धोतराला ग्रीस, चेहरा पांढराफटक.

"आयुबला बोलवा," म्हाळसाबाई म्हणली.

"पानाचोराला? मेलो तरी बोलवणार न्हाय."

"मेलात तर म्याच बोलवीन. गाडी उचलायला कोण तरी लागंलच की."

नवमीच्या सकाळी रेवणप्पा यष्टीनं तुळजापूरला गेले, नवा पाटा आन् ग्रीसचा डबा आणायला. आन् म्हाळसाबाईला खंडेनवमी आठवली. खंडेनवमीला घरातली हत्यारं देवापुढं पूजायची, आन् एकदा पूजली की दसऱ्याची आरती होईस्तोवर हलवायची न्हाईत. रेवणप्पा तर ह्या बाबतीत पक्के. एकदा सुई उचलली म्हणून सुनंवर वरडले व्हते.

म्हाळसाबाईनं सगळे पाने गोळा केले. पक्कड, टामी, छिन्नी, ग्रीस गन. चिंचंनं घासले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. जॅक तेवढा गाडीखाली अडकलेला, म्हणून वाचला.

सून भैरवी बघत व्हती. "आत्याबाई, सगळंच पूजलं तर अप्पा काम कशानं करतील?"

"करतील कशाला? मुकाट आयुबला बोलवतील, त्यो त्येची हत्यारं घिऊन यील. तू नगं डोकं चालवू. तुझं ध्यान लोणच्यावर. बरणी बघ कशी खाली चाललीया. कोण खातंय ते मला कळतंय."

"म्या आंबट खातच न्हाय वो!"

"सगळ्या चोरांचं असंच आसतं," म्हाळसाबाई म्हणली. (हे बोलताना तिला कायबी वाटलं न्हाय.)

बाराच्या सुमारास रेवणप्पा पाटा खांद्यावर घिऊन आले.

"माझे पाने?"

"देवापुढं."

"पक्कड?"

"देवापुढं."

"अगं, ग्रीस गन बी?"

"तिला काय जीव न्हाय व्हय? तिची बी पूजा."

रेवणप्पांनी पाटा खाली टाकला, देवघराच्या दारात गेले, हात पुढं केला, आन् देवीकडं बघून मागं घेतला. मग अंगणातल्या दगडावर जाऊन बसले. वरडले न्हाईत. म्हाळसाबाईला हेच अवघड गेलं. वरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

ती पदर खोचून सोताच गॅरेजला निघाली.

आयुब खुर्ची टाकून चहा पीत व्हता. गॅरेजमधी सामसूम, आन् मधोमध पाटावर पाने, जॅक, मशीन समदं मांडलेलं. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती.

"आता गं बया! आयुब, तुझ्याकडं बी?"

"काकू, मिस्त्री मुसलमान हाय, पाने सगळ्यांचे हाईत. गिऱ्हाइकं पूजा बघून जात्यात. उद्या आरती झाल्याबगर एकबी हलवता येत न्हाय. ह्या रस्त्याला कुठंबी जावा, आज हेच."

"आन् पहाटं फुलं भरायची हाईत रं!"

"मी येतो की. पण बोल्ट काय दातानं आवळू? आन् अप्पा मला अंगणात येऊ देतील का? त्येंच्या हिशेबानं मी चोर."

म्हाळसाबाई घरी आली. सरळ कोठीत गेली. बरणीसमोर उभी राहिली. बरणीवर पाना. आठ वर्सं तेलात माखून नव्या नवरीवाणी चमकत व्हता. ह्येची पूजा झाली नव्हती. हातोड्याची बी न्हाय. खुंट्याची बी न्हाय. चोरीचा माल देवापुढं कोण ठिवतंय?

ठिवला तर गाडी जाईल. काढला तर अब्रू. तिनं ईचार केला. अब्रू दुपारी घरात बसून डबे लावत न्हाय.

शेळी सोडली, खुंटा उपटला, तिन्ही वस्तू बादलीत घातल्या, आयुबला गॅरेजवरनं बोलवून आणलं आन् बादली त्येच्या आन् रेवणप्पांच्या मधी आपटली.

"हे घ्या. म्या चोरला. व्हय, म्याच! तुळजापुरात खोकी मोजली आन् मला इसरलात, त्येची शिक्षा म्हणून चोरला. परत इसरलात तर परत चोरीन. आता काय करायचं ते करा, पण आधी गाडी उभी करा."

आयुबनं पाना हुंगला. "या अल्ला! अप्पा, आठ वर्सं मला चोर म्हणलात, आन् पाना मेथ्या खात बसला व्हता!"

म्हाळसाबाईनं कंबरंवर हात ठिवून वाट बघितली. आता बरसतील. पण रेवणप्पा धोतराचा सोगा सावरत भिंतीकडं बघत म्हणले, "हं. बरं. चला, ऊन उतरतंय."

तिला जरा चुकल्यासारखं झालं. पण मग कामाची गडबड उडाली. आयुबनं जॅकखाली फळी सारली, रेवणप्पांनी पाटे रचले. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट बसंना, तर दोघं एकमेकाला शिव्या घालू लागले, म्हंजी मिटलं म्हणायचं. बेरिंगात हातानं ग्रीस भरलं, हब चढवला, कमान धरणारे यू-बोल्ट बत्तीसच्या पान्यानं आवळले. पाना तेलानं सटकायचा, आयुब त्याला माती लावायचा. दिवस मावळायच्या आत जॅक काढला. गाडी सरळ. अंगण बी सरळ.

"अप्पा, फुलं टाकून आल्यावर यू-बोल्ट परत आवळायचे," आयुब म्हणला. "गॅरेजला या."

"यीन की," रेवणप्पा म्हणले.

दसऱ्याच्या पहाटं झेंडू भरून गाडी गेली. म्हाळसाबाई केबिनमधी बसून गेली, आन् माघारी येताना रेवणप्पांनी आधी तिला मोजलं, मग खोकी. नागप्पानं गिऱ्हाइकाला फोन करून यिऊ नगा म्हणून सांगितलं. आयुब आपट्याची पानं घिऊन आला, पंगत बसली.

म्हाळसाबाईला आता गप्प राहवंना. "काय का आसंना, आठ वर्सं गंडवलं म्या तुमाला."

"सात," रेवणप्पा पुरणपोळी मोडत म्हणले.

"आँ?"

"पयल्या वर्साच्या शिव्या खऱ्या व्हत्या. मग पाना घावला मला. बरणीवर."

"घावला? मग बोलला का न्हाईत?"

रेवणप्पांनी ताटाकडं बघितलं. "डॉक्टरनं लोणचं बंद केलंय न्हवं. पाना कुठं बघितला म्हणून सांगू? बरं, उचलून परत तिथंच ठिवायचा, तुला कळू नये म्हणून. लई जड हाय गं त्यो."

आयुबला ठसका लागला. नागप्पा पानी द्यायचं सोडून हसाय लागला. फक्त भैरवी हसली न्हाय. तिनं वाढायची पळी खाली ठिवली, कोठीत गेली, बरणी उचलून सोताच्या कपाटात ठिवली आन् किल्ली कमरंला लावली.

तवापासनं त्या घरात लोणचं मागून घ्यावं लागतं. म्हाळसाबाई रोज ताट घिऊन कपाटापुढं उभी राहती, आन् तिच्या आधी नंबर रेवणप्पांचा आसतो.