पेपर सुटल्यानंतरचा तास

बारावीचा इतिहासाचा पेपर सुटला की आमच्या पांढरकवड्याच्या परीक्षा केंद्रातून मुलं दोन वाटांनी बाहेर पडतात. ज्यांना डेहणकर सर ठाऊक नाहीत ती मोठ्या फाटकातून येतात. ज्यांना ठाऊक आहेत ती मागच्या भिंतीवरून उड्या टाकतात. त्याच भिंतीवरून अकरा वाजता भाऊ, काका, मेहुणे आत कॉप्या फेकत असतात. दोन वाजता तिचा उपयोग पळून जायला होतो.

फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली डेहणकर सर उभे असतात. हाफ शर्ट, पायात सँडल, शेजारी पाण्याचा जार आणि स्टीलचा एकच गिलास. मूल जवळ आलं की पहिल्यांदा पाणी देतात. पाणी प्यायलेलं मूल लगेच पळू शकत नाही, हे त्यांच्या सगळ्या नोकरीचं सार आहे. मग मनगट धरून म्हणतात, "सुटला न पेपर? आता ऐक."

आणि इतिहास शिकवायला लागतात. पेपर झाल्यावर!

मी त्यांच्याच कॉलेजात भूगोल शिकवतो. ते मला नावानं हाक मारत नाहीत, 'भूगोल' म्हणतात. इंग्रजीवाल्याला 'इंग्रजी' म्हणतात, प्राचार्यांना त्यांच्या पाठीमागे 'निकाल' म्हणतात. मी एकदा विचारलं, "सर, पेपर झाल्यावर शिकवून काय फायदा?"

"भूगोल, पेपरच्या आधी पोट्टे एकच इचारतात, 'सर, हे येईन काय?' येईन म्हटलं तं लिवून घेतात. नाई म्हटलं तं खिडकीतून पाहात बसतात. पेपर झाल्यावर येईन-न येईनची भानगडच मिटली. आता जो ऐकन थो खरा."

तसा खरा कोणी मी पाहिला नव्हता. मी फाटकाशी उभा राहून जे ऐकलं ते असं.

"कसा होता रे?"

"मस्त सर. दोन पुरवण्या लावल्या."

"काय लिवलं त्यात?"

"प्रश्नच लिवले सर परत. चांगल्या अक्षरात."

दुसरा नकाशावर खूश होता. त्यानं सहाच्या सहा ठिकाणं भरली होती. सरांनी विचारलं, "पानिपत कुठं दाखवलं?" तो म्हणाला, "जिथं जागा होती तिथं." उमरखेडकडून आलेल्या एकानं सांगितलं की पेपर सोपा होता, पण पुस्तकातलं एकही आलं नाही. तो राज्यशास्त्र वाचून आला होता. त्याचं नाव आमच्या हजेरीपटावर होतं, त्याला मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अशी मुलं आम्हीच आणतो. उन्हाळ्यात सगळे मास्तर मोटरसायकली घेऊन गावोगाव फिरतात, पोरगं पकडतात, बापाला सांगतात की यायची गरज नाही, फक्त परीक्षेला पाठवा. पट टिकला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर आम्ही टिकतो. मुलगा टिकतो की नाही, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

एक बाप तर सरांवर खेकसला होता. "पोराले कायले धरून ठेवता? झाला न पेपर?"

"झाला म्हणूनच धरलं ना भाऊ," सर म्हणाले. तेवढ्यात पोरानं मनगट सोडवून घेतलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मला सरांचा रागच यायचा. कारण फाटकाबाहेर असा फुललेला हा माणूस वर्गात अगदी कोरडा ठणठणीत होता. शेजारच्या वर्गात मी ऐकायचो. "मुद्दा क्रमांक एक. कच्च्या मालाची गरज. लिवलं? मुद्दा क्रमांक दोन. बाजारपेठेची गरज. लिवलं? याच्या भायेर जायचं नाई." वर्षभर हेच. कोणी प्रश्न विचारला तर म्हणायचे, "मार्क पायजे का ज्ञान पायजे? मार्क पायजे तं खाली मान." मला वाटायचं, पगार घ्यायचा वर्गात आणि हौस भागवायची रस्त्यावर. असे मास्तर मी पुष्कळ पाहिलेत, आरशातही एक पाहिलाय.

यंदाचा पेपर शेवटचा होता. कलाशाखेला मुलं मिळेनात म्हणून संस्थेनं जूनपासून इतिहास बंद करायचं ठरवलं. सर 'अतिरिक्त' ठरले. नोकरीची राहिलेली दोन वर्षं त्यांनी ग्रंथालयात बसायचं आणि पुस्तकांवरची धूळ सांभाळायची, असं ठरलं. सभेत प्राचार्य म्हणाले, "सरांच्या अनुभवाचा तिथं उपयोग होईल." सर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भूगोल, यंदा एक तरी पोट्टं शेवटपर्यंत ऐकलं पायजे. एकच. बाकी कायी नाई मागत मी." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, भिंत आणखी उंच असती तर बरं झालं असतं.

पेपरच्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. ऊन रणरणत होतं. भिंतीवरून मुलं पडत होती. फाटकातून जी आली ती पाणी प्याली आणि निसटली. अर्ध्या तासात सगळं सामसूम झालं. राहिली एक मुलगी, पायल. हायवेपासून आत एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली. कापसाच्या हंगामात ती दिसायची नाही, आईबरोबर वेचायला जायची. आताही ती सरांसाठी थांबली नव्हती. तिच्या फाट्याकडे जाणारी एसटी पाचला होती आणि सावली त्या एकाच कडुलिंबाची होती. कोपऱ्यावर तीन-चार टवाळ पोरं गाड्यांवर बसून तिच्याकडे पाहत होती.

सरांनी तिला पाणी दिलं. मनगट धरलं नाही. तिच्या आणि त्या पोरांच्या मधोमध उभे राहून त्यांनी विचारलं, "वसाहतवादाची कारणं लिवली?"

"लिवली सर. पाची मुद्दे."

"कच्चा माल म्हंजे काय?"

"कच्च्या मालाची गरज," ती म्हणाली.

"सुटला न पेपर? आता ऐक." आणि सर सुरू झाले. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई पेटली, साहेबाच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाचं बोट नकाशावरून फिरत फिरत आपल्या वऱ्हाडावर येऊन थांबलं. इथल्या काळ्या मातीतला कापूस बंड्यांत भरभरून बैलांनी ओढत नेला. पुढे त्याच्यासाठी रेल्वे आली. तिकडून कापड होऊन परत आला आणि इथं घरोघरी सूत काढणाऱ्या बाया रिकाम्या झाल्या. सर हातवारे करत होते, मधेच बैल हाकत होते. कोपऱ्यावरची पोरं कंटाळून निघून गेली. मी स्वतः, इतकी वर्षं शेजारच्या वर्गात बसलेला, तोंड उघडं ठेवून ऐकत होतो.

पायल बोटांची टोकं पाहत होती. वाळलेली बोंडं टोचून तिथं बारीक चिरा पडल्या होत्या.

"सर, म्हंजे थो कच्चा माल आमचा होता?"

"तुमचाच."

"मले वाटलं, कुठल्या दूरच्या देशातला असन." तिनं मान वर केली. "मंग सर, हे तुमी वर्गात काहून नाई सांगतलं?"

सरांचा हात हवेतच राहिला.

मीच मधे पडलो. "तू वर्गात होतीस कुठं? वेचायला जात होतीस."

"ज्या दिवशी आली त्या दिवशी तं लिवूनच घेत होती सर. मंग घरी आई म्हणे, लिवून काय भेटते, चाल वावरात. हे सांगतलं असतं तं मी आईसंग भांडून आली असती. रोज."

ती रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. सर खाली वाकून रिकाम्या जारचं झाकण लावत बसले. एसटी आली तेव्हा तेच तिला दारापर्यंत घेऊन गेले. कंडक्टरला म्हणाले, "हिले फाट्यावरच उतरवा बरं. अलीकडे नोका सोडू, लेकरू एकटं आहे." गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

परत येऊन कडुलिंबाच्या पारावर बसले. मी विचारू नये ते विचारलं. "खरंच, का नाही सांगितलं वर्गात?"

"सांगतलं होतं भूगोल. तू नव्हता आला तवा. असंच, बैल हाकत. पोट्ट्या डोळे मोठे करून ऐकत. पेपरात कोणाले मुद्दे आठवले नाई, सांगतलेलं सारं लिवून आल्या. तपासणाऱ्यानं कापले मार्क. नापास झाल्या त्याईतल्या दोघीचं त्याच उन्हाळ्यात लगीन लावून टाकलं घरच्यायनं. एकीच्या लग्नात मी जेवलो. पंगतीत तिनंच वाढलं मले. 'सर, थे कापसाचं लय आवडलं होतं' म्हणाली." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्या दिसापासून मुद्दे. पास तं होतीन. पास झाल्या तं एखादं वर्ष अजून मोकळ्या रायतीन. हे या पोट्टीले कसं सांगू?"

मी इतकी वर्षं या माणसाला कामचोर समजत होतो. मला फार वाईट वाटलं.

सर मात्र एकदम ताठ बसले. चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या पाहिलं नव्हतं. "पण भूगोल, ऐकलं ना तू? 'रोज आली असती' म्हणाली. मुद्दे बी देऊ आणि हे बी सांगू, दोनी होते. जमते! आता जूनमदी पयल्याच तासाले..."

तिथं ते थांबले. जूनमध्ये त्यांच्या वाट्याला तास नव्हता, ग्रंथालय होतं. मी रस्त्याकडे पाहिलं. मग ते उठले, जार उचलला, आणि आम्ही दोघं कॉलेजकडे चालू लागलो.