बन्सीच्या पाठीला हळद

वडगाव रासाईच्या बन्सीनं एका रात्रीत पाठ बरी करायचं ठरवलं, तेही बायकोला न सांगता. कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत खोकी उचलून पाठ धरली होती आणि मोबाइलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगत होतं, हळदीतलं कर्क्युमिन सूज उतरवतं. पण घरातली हळद मायानं वर्षाची म्हणून दळून आणलेली. चमचाभर मागितली तरी ती हजार प्रश्न विचारणार. बन्सीनं गुपचूप वाटीभर थापली.

सकाळी नवंकोरं बनियन पाठीकडून पिवळंधमक! माया रानात गेलेली. पुरावा नष्ट करायला बन्सी मोरीत बसला आणि बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच स्वतःचं बनियन धुवायला घेतलं. (आधी साबण की आधी पाणी, यातच पाच मिनिटं गेली.) साबण फिरवला मात्र, बनियन लालभडक!

"आयायायो! रगात!"

पाठीतनं रक्त म्हणजे किडनी गेली, असं निदान त्यानं बसल्या जागी केलं. तेवढ्यात माया दारात.

"माया, मी चाललो गं!"

मायानं बनियन बघितलं, साबण बघितला आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. "अवं, असं नका बोलू. मनात काय आसंल तर सांगून टाका."

"तुझ्या आईचं तूप मांजरानं न्हाई, म्या खाल्लं."

"बरं. आणखी?"

"तुझ्या भावाच्या साखरपुड्याला डबल ड्यूटी नव्हती. दौंडला दोस्ताकडं मटण हुतं."

"आणखी?"

"तुझ्या मोबाइलची काच गौतमीनं न्हाई, म्या फोडली."

"पप्पा!" बीएस्सीला असलेली गौतमी आतून तरातरा आली. "मी बोलणी खाल्ली त्यापायी!" तिनं बनियनवर लिंबू पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा! "रक्त न्हाई हे. कर्क्युमिनला साबण लागला की ते लाल हुतं, आंबट लागलं की परत पिवळं."

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"न्हाई!"

बन्सीचा जीव भांड्यात पडला. इतकं बरं त्याला पगाराच्या दिवशीही वाटलं नव्हतं. पाठही दुखायची थांबली. (हळदीनं की भीतीनं, देव जाणे.) मग मात्र त्याला शंका आली.

"माया, तुला ठाव हुतं?"

"कपडे धुणाऱ्या समद्या बायांना ठाव हाय. मी सांगणारच हुते, पर तुम्ही तुपावरनं मटणावर आला. म्हणलं, बघू तर गाडी कुठवर जातीया."

"म्हंजी तुपाचं उगंच सांगितलं म्या!"

"ते तर मला तवाच कळलं हुतं," माया उठत म्हणाली. "तूप खाऊन झाल्यावर मांजर बरणीला झाकण लावतं व्हय?"