प्रेक्षक दोन

कोठावळे काका जेवायला बसण्यापूर्वी कोरम मोजतात. टेबलाभोवती त्यांचा मुलगा नितीनदादा, सून शिल्पावहिनी, नातू ओम आणि मी एवढे जण दिसलो, की ते मान हलवतात. "कोरम आहे. सभा सुरू." ओम बाजूच्या खोलीत गेम खेळत बसला असेल, तर ते वरणभाताला हात लावत नाहीत. मग भाजीचा विषय निघतो.

"सूचक कोण?"

"मी," वहिनी पोळी वाढता वाढता म्हणतात.

"अनुमोदक?"

"नॉट मी. आय हेट दोडका," ओम म्हणतो.

"सन्माननीय सदस्यांचा विरोध नोंदवला," असं म्हणून काका भाजी वाढून घेतात.

काका नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत एकतीस वर्षं सभा लिपिक होते. सभेची नोटीस काढायची, अजेंडा घरोघर पोचवायचा, हजेरीवर सह्या घ्यायच्या आणि कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं, हे त्यांचं काम. सभागृहात खुर्च्या उचलल्या गेल्या तरी काकांचं पेन थांबलं नाही, असं ते सांगतात. "खुर्ची कोणी उचलली, ते लिहायला कुणीतरी बसलेलं हवं ना?"

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायचे. मिशिगनमध्ये, नोव्हायच्या पलीकडे एका छोट्या शहरात त्यांचं घर होतं आणि त्याच्या बेसमेंटमध्ये माझी खोली. मी मूळची परतूरची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. एका दाखल्यासाठी आमचे अण्णा पालिकेच्या खिडकीवरून इतक्या वेळा परत आले होते, की पालिकेतल्या माणसाविषयी माझ्या मनात धाकच होता. पालिकेत काम केलेल्या आणि मला "बस, बाळ" म्हणालेल्या माणसांत काका पहिले. माझ्या स्कॉलरशिपचा अर्ज त्यांनी तीन वेळा तपासला. 'विनंती' हा शब्द कागदावर एकदाच यावा, दोनदा आला की माणूस लाचार दिसतो, हे त्यांनीच मला शिकवलं.

काकू गेल्यावर नितीनदादांनी त्यांना इकडे आणलं. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत उभं राहून काढला, असं वहिनी सांगायच्या. मग एक दिवस त्यांनी स्थानिक पेपरात वाचलं, की सिटी कौन्सिलची सभा सगळ्यांना खुली असते. झालं. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सातला, काका कोट-टाय घालून, नगरहून आणलेली लाल कापडी पुठ्ठ्याची वही काखेत धरून तयार. नितीनदादा ऑफिसातून उशिरा यायचे आणि मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, त्यामुळे त्यांना ड्रॉप करायचं काम माझ्याकडे आलं. ते सभेत बसायचे. मी शेजारच्या लायब्ररीत अभ्यास करत बसायचे.

सभागृहात चाळीस खुर्च्या आणि प्रेक्षक दोन. एक काका, दुसऱ्या डोरोथीबाई. त्या निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर होत्या. पहिल्या रांगेत बसून विणकाम करायच्या आणि कुणी चुकीचं बोललं की मान वर न करता दुरुस्त करायच्या. दोन वर्षं दोघं शेजारी बसले. बोलणं बेताचंच. काका त्यांना शेंगदाण्याची चिक्की द्यायचे, त्या काकांना खोकल्याची गोळी. त्या त्यांना 'मिस्टर के' म्हणायच्या. काकांच्या वहीत दर सभेची तारीख, हजर सदस्यांची नावं आणि त्याखाली एक ओळ असायची. 'प्रेक्षक : दोन.'

दोन हजार पाचच्या वसंतात मेयरना दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली आणि त्यांनी राजीनामा दिला. नियम असा, की उरलेल्या सहा सदस्यांनी महिन्याभरात गावातल्याच कुणाची तरी त्या जागी नेमणूक करायची. त्यासाठी चार मतं लागतात आणि नेमलेल्या माणसाने नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत काम बघायचं. अर्ज मागवणारी सूचना पेपरात आली. काकांनी ती जेवताना दोनदा मोठ्याने वाचली.

"नगराध्यक्ष पाहिजे, अर्ज करा. अगं, आपल्याकडे स्वयंपाकीण हवी असली की असं देतात." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आणि सहल कधी?"

सहल म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. त्यांच्या पालिकेत अध्यक्ष निवडायचा असला, की एका गटाचे सदस्य गाडीत घालून लांब कुठेतरी हॉटेलात नेऊन ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या गटाला ते सापडत नाहीत. थेट मतदानाच्या दिवशीच आणायचे. एका सदस्याला तर सलूनमधून उचललं होतं. तो अर्ध्या दाढीनिशी सभेला आला आणि काकांनी इतिवृत्तात फक्त 'हजर' एवढंच लिहिलं.

"बाबा, इथे असं होत नाही," नितीनदादा म्हणाले.

"माणसं तीच असतात रे."

डोरोथीबाईंनी अर्ज करावा असं काकांच्या मनात होतं. फॉर्म त्यांच्या विणकामाच्या पिशवीत आठवडाभर पडून होता. मी बस चालवलेली बाई, मला कोण नेमणार, असं त्यांचं म्हणणं. काका त्यांना लायब्ररीत घेऊन आले, माझ्यासमोरच बसवलं आणि मुलाखतीची तयारी करून घेतली. पाणीपट्टी, बर्फ उचलणं, फूटपाथ, एकेक विषय. त्या दिवशी मी माझ्या पुस्तकाचं एक पानही उलटलं नाही. काकांना ही नेमणूक किती हवी आहे, ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्या बढतीसाठीसुद्धा ते कधी कुणाकडे गेले नव्हते, आणि इथे बाईंना वाक्यं पाठ करायला लावत होते.

मुलाखती भर सभेत झाल्या. त्या दिवशी मीही आत बसले. पाच अर्ज होते आणि सभागृह निम्मं भरलं होतं. खरी चुरस दोघांत. डोरोथीबाई आणि सतत हसणारा एक विमा एजंट. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. काका माइकपाशी गेले, कोटाचं बटण लावलं आणि सावकाश इंग्रजीत बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं,

"मी दोन वर्षं या बाईंच्या शेजारी बसतो. आज इथे पुष्कळ माणसं आली आहेत, कारण आज खुर्चीचा विषय आहे. गटाराच्या पाइपचा विषय तीन सभा चालला होता. तेव्हा ही बाई आली होती. माझं संपलं."

दोन मिनिटं शिल्लक होती. ती त्यांनी घेतली नाहीत.

मतदान झालं. डोरोथीबाईंना तीन, एजंटला दोन, आणि हँक नावाच्या जाड मिशांच्या सदस्याने सांगितलं की मला अजून विचार करायचाय. चार काही झाली नाहीत. पुढच्या सोमवारी खास सभा ठेवली. मुदतीतली ती शेवटची सभा.

शनिवारी सकाळी काका माझ्या दारात उभे. "वनिता, गाडी काढ. सहाही सदस्य जागेवर आहेत का ते बघून येऊ."

परतूरच्या पोरीने अमेरिकेत येऊन नगरसेवकांच्या घरांवर पाळत ठेवावी, हे अण्णांना फोनवर कसं सांगायचं याचा विचार करत मी गाडी चालवली. पाच जण जागेवर होते. कुणी लॉन कापत होता, कुणी गाडी धूत होता. काका वहीत खुणा करत होते. हँकच्या दारात गाडी नव्हती. ड्राइव्हवेवर दोन दिवसांचे पेपर तसेच पडलेले.

"उचलला," काका म्हणाले.

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बेल दाबली होती. हँकच्या बायकोने दार उघडलं. काकांनी नम्रपणे विचारलं, साहेब कुठे आहेत, त्यांना कोण घेऊन गेलं, आणि फोन त्यांच्याजवळ आहे का. ती म्हणाली, वर उत्तरेला तळ्यावर मासे धरायला गेलेत, कुत्र्याला घेऊन.

काका माझ्याकडे वळले. "कुत्र्यालाही नेलंय."

मग मीच पुढे होऊन सोमवारच्या सभेचं सांगितलं. तिने आत जाऊन कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खास सभेचं विसरून, सभा नेहमीसारखी तिसऱ्या सोमवारी, असं धरून हँकनी आठवडाभराचं सामान नेलं होतं. काकांना काय वाटलं होतं, ते मी सांगून टाकलं. ती दाराला धरून हसत राहिली. हसतच तिने फोन लावला.

सोमवारी हँक चिखलाच्या बुटांनिशी आले. मेयरची मोकळी खुर्ची ओलांडून आपल्या जागेवर बसले आणि माइकमध्ये म्हणाले, "माझं अपहरण झाल्याचं कळलं. वीस वर्षांत मी सभेला येतोय का, हे विचारायला माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. तळ्यावर बसून त्या गटाराच्या पाइपचाच विचार करत होतो." आणि त्यांनी डोरोथीबाईंना मत दिलं. चार.

डोरोथीबाईंनी विणकाम खुर्चीवर ठेवलं, हात वर करून शपथ घेतली आणि तीन पायऱ्या चढून वर जाऊन बसल्या. काका उभं राहून टाळ्या वाजवत होते. मग वहिनींनी मिल्क पावडरचे करून दिलेले पेढे त्यांनी सगळ्यांना वाटले, विमा एजंटलाही.

पण काका दुसऱ्या दिवशी कोरम न मोजताच जेवायला बसले. ओमने आठवण केली, "आजोबा, कोरम?" तर म्हणाले, "असू दे रे."

पुढच्या सभेला मी त्यांना सोडलं आणि नेहमीसारखी लायब्ररीत निघाले, तेवढ्यात त्यांचा चष्मा सीटवर दिसला. तो द्यायला आत गेले. वर डोरोथीबाई कागद लावत होत्या. खाली चाळीस खुर्च्या, आणि पहिल्या रांगेत काका एकटे. मांडीवर वही उघडी. तारीख, सदस्यांची नावं, आणि खाली 'प्रेक्षक : एक.' चष्म्याशिवाय लिहिलेलं अक्षर ओळीच्या खाली घसरलं होतं.

माझी बुधवारी परीक्षा होती. तरी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे वळले. तिच्यावर काकांचा कोट नीट घडी करून ठेवलेला होता. मी तो उचलायला हात पुढे केला.

"ती नको," काका हळूच म्हणाले. "त्याच्या पलीकडची घे."

मी पलीकडे बसले. त्यांनी चष्मा लावला, 'एक'वर एक सरळ रेघ मारली, पुढे 'दोन' लिहिलं आणि समासात दुरुस्तीची सही केली. मग कोटाची खाली लोंबणारी बाही उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"नेमणूक नोव्हेंबरपर्यंतचीच आहे तिची," ते म्हणाले. "मग येऊन कुठे बसेल?"